दिल्लीला फेटाळले ते कोणाचे? सत्तरीतील एका विमा दाव्याचे प्रकरण

सत्तरी तालुक्यात म्हादईच्या काठी माझ्या एका अशिलाचे भुसारी दुकान आहे. जुलै 2025 मध्ये एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा त्यांचा आवाज पार उतरलेला होता. कोणा विमा एजंटाने बाजारात सांगितले होते की दिल्लीला केस फेटाळली, आणि तासाभरातच शेजारपाजारचे चार जण दुकानात येऊन त्यांची समजूत घालून गेले होते. "वकीलबाब, चार वर्षं फुकट गेली म्हणायची का?" असे त्यांनी मला विचारले. दिल्लीत त्या दिवशी खरोखरच एक प्रकरण फेटाळले गेले होते, पण ते विमा कंपनीचे अपील होते. कंपनीचे दुसरे अपील दाखल करून घेण्यास राष्ट्रीय ग्राहक आयोगाने नकार दिला होता आणि त्यामुळे खालच्या दोन आयोगांनी आमच्या बाजूने दिलेला निकाल जसाच्या तसा उभा राहिला होता. हे त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. समजल्यानंतर त्यांनी विचारलेला दुसरा प्रश्न मात्र अधिक अवघड होता: "म्हणजे दिल्लीने आमचं बरोबर म्हटलं ना?" त्याचे प्रामाणिक उत्तर "नाही" असे होते. दिल्लीने त्यांचे बरोबर म्हटले नव्हते आणि चूकही म्हटले नव्हते. हा प्रश्न ठरवणे आपले काम नाही, एवढेच राष्ट्रीय आयोगाने म्हटले होते.

अपील ऐकण्यास नकार मिळतो तेव्हा नेमके काय घडते, हे पक्षकारांना क्वचितच कोणी नीट सांगते, म्हणून अशिलाच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. त्यांची, गावाची आणि कंपनीची ओळख पटेल असा तपशील मी वगळला आहे.

घटना 23 जुलै 2021 ची. त्या दिवशी म्हादईला आलेल्या पुराने सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतील अनेक गावांत पाणी घुसले, आणि 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. माझ्या अशिलाच्या दुकानात कमरेएवढे पाणी होते, पण दुकानामागच्या गोदामाची जमीन खोलगट असल्याने तेथे ते छातीपर्यंत चढले. मार्च ते मे या हंगामात आसपासच्या बागायतदारांकडून विकत घेऊन वाळवलेल्या काजूच्या बिया गोण्यांत भरून त्याच गोदामात रचलेल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी तांदूळ, साखर व पशुखाद्य होते. मी पहिल्यांदा तेथे गेलो तेव्हा पाणी ओसरून बरेच दिवस झाले होते, तरी भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ सरळ आखल्यासारखी दिसत होती. तांदळाच्या गोण्या फुगून शिवणीवर उसवल्या होत्या, तळच्या गोण्यांतल्या बियांना बुरशी धरली होती, आणि साखरेच्या पोत्यांच्या जागी फक्त चिकट, रिकामे तागाचे कापड पडून होते.

दुकानाच्या मालावर बँकेचे कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचे कर्ज, होते आणि त्यासाठी माल तारण होता. विमा त्यामुळेच उतरवला गेला होता. लहान उद्योगांसाठी विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी आणली, आणि जूनमधील नूतनीकरणात यांना तीच मिळाली होती. पुराचे संरक्षण तिच्यात मुळातच समाविष्ट आहे. वादाचे मूळ मात्र पॉलिसीच्या पहिल्या पानावर, विमित जागेच्या रकान्यात होते. तेथे दुकानाचा जुना घर क्रमांक होता. मागचे गोदाम पूर्वी दुकानाचाच भाग म्हणून त्याच क्रमांकात धरले जात असे, परंतु 2019 मध्ये पंचायतीने घरपट्टीसाठी त्याला वेगळा क्रमांक दिला. नूतनीकरण करताना बँकेने आणि कंपनीने मागच्या वर्षीचा तपशील तसाच उतरवला, आणि माझ्या अशिलांनी पॉलिसी वाचलीच नव्हती. गोव्यात पंचायतीचा घर क्रमांक हा घरपट्टीच्या आकारणीपुरता असतो आणि एकाच छपराखाली दोन-तीन क्रमांक असणे हे येथे नवलाचे नाही. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला मात्र कागदावर त्या दोन स्वतंत्र इमारती दिसतात.

वीज आणि फोन बंद असल्याने कंपनीला 2 ऑगस्ट रोजी कळवले गेले. 5 ऑगस्टला सर्व्हेअर आले, दोन दिवस त्यांनी मोजदाद केली, बँकेला दरमहा दिलेली साठ्याची विवरणपत्रे तपासली, आणि आपल्या अहवालात दुकान व गोदाम यांची मधली भिंत सामाईक असून आतून दार आहे, अशी नोंद केली. मागणी 11 लाख 40 हजारांची होती. नोंदींशी न जुळणारा माल आणि वाचलेल्या मालाची किंमत वजा करून त्यांनी 8 लाख 62 हजारांचे नुकसान निश्चित केले. जानेवारी 2022 मध्ये कंपनीचे पत्र आले की माल विमित जागेत नव्हता, सबब दावा नाकारण्यात येत आहे. त्या पत्रात दुसरे कोणतेही कारण दिलेले नव्हते, आणि ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली.

विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्ग आमच्यापुढे होता. गोवा तेव्हा मुंबईच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत होते, तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नसते. पण गोदामाच्या प्रश्नावर साक्षीपुरावा लागणार हे दिसत असल्याने मी पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला दिला, आणि मे 2022 मध्ये तक्रार दाखल झाली. येथे एक मुद्दा नीट समजून घ्यावा लागतो, कारण पुढची सगळी वाट त्यानेच ठरवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, ती सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्यावरून ठरते. विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. काही हजारांच्या हप्त्यावर लाखांचा किंवा कोटीचा दावा असला तरी तो जिल्हा आयोगातच सुरू होतो, आणि तेथे मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. ही रचना घटनात्मक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये मान्य केले. सामान्य विमाधारकाला तिचा फायदा असा की सुनावणी त्याच्या जिल्ह्यात होते. दुसरा परिणाम सहसा लक्षात येत नाही: जिल्ह्यात सुरू झालेले प्रकरण दिल्लीला पोहोचेपर्यंत तेथील दार अतिशय अरुंद झालेले असते.

जिल्हा आयोगात कंपनीचा पहिला आक्षेप असा होता की व्यापारी हेतूने घेतलेल्या विम्याचा धारक ग्राहकच नव्हे. आमची तक्रार प्रलंबित असतानाच, एप्रिल 2023 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले की विमा हा नुकसान भरून काढण्याचा करार आहे, त्यातून थेट नफा कमावला जात नाही, त्यामुळे व्यावसायिक संस्थाही विमा सेवेची ग्राहक ठरू शकते. तो आक्षेप तेथेच संपला. उरला तो गोदामाचा प्रश्न. आम्ही पंचायत सचिवांचा दाखला, 2019 पूर्वीच्या व नंतरच्या घरपट्टीच्या पावत्या, तलाठ्याचा पंचनामा आणि बँकेची विवरणपत्रे दाखल केली. या पावत्या मी मूळ तक्रारीसोबत जोडायला हव्या होत्या. त्या नंतर दाखल केल्यामुळे आमच्या दोन तारखा गेल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये आयोगाने 8 लाख 62 हजार रुपये, तक्रारीच्या तारखेपासून 9 टक्के व्याज, मानसिक त्रासासाठी 25 हजार आणि खर्चापोटी 10 हजार देण्याचा आदेश दिला.

कंपनीने 45 दिवसांच्या मुदतीत पणजीच्या राज्य आयोगाकडे अपील केले. कलम 41 नुसार, ज्याला रक्कम द्यायची आहे त्याचे अपील ती रक्कम निम्मी भरल्याशिवाय विचारातच घेतले जात नाही. जुन्या 1986 च्या कायद्यात निम्मी रक्कम किंवा 25 हजार, यांतील कमी असेल ती भरली की भागत असे. मोठ्या कंपनीला 25 हजारांचा भार तो काय असणार? नव्या कायद्याने ती वरची मर्यादा काढून टाकली, आणि राज्य आयोगाच्या आदेशाविरुद्धच्या अपिलातील अशाच अटीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती बंधनकारक असल्याचे सांगितले. माझ्या अनुभवात ग्राहकाच्या बाजूने झालेला हा सर्वांत परिणामकारक बदल आहे. आमच्या प्रकरणात निम्मी रक्कम पणजीला जमा झाली आणि अपील चालू असताना ती व्याजावर ठेवली गेली.

राज्य आयोगापुढे कंपनीने नवा मुद्दा आणला. नुकसानीची खबर उशिरा दिली, म्हणून दावा मुळातच ग्राह्य नव्हता, असा तो मुद्दा होता. येथे जानेवारी 2022 चे पत्र कामाला आले. नकाराच्या पत्रात न दिलेले कारण विमा कंपनीला नंतर न्यायालयात पुढे करता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये गलाडा पॉवर आणि 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्स या प्रकरणांत मांडलेले आहे. खबर उशिरा आली असे वाटत होते तर सर्व्हेअर नेमतानाच तसे कळवायला हवे होते. सर्व्हेअर नेमला, अहवाल घेतला, पत्रात चकार शब्द काढला नाही, म्हणजे तो आक्षेप कंपनीने सोडून दिला. डिसेंबर 2024 मध्ये राज्य आयोगाने अपील गुणदोषांवर फेटाळले. दुकान आणि गोदाम हा एकच परिसर आहे, या वस्तुस्थितीवर आता दोन आयोगांचे एकमत झाले होते.

यानंतर कंपनी दिल्लीला गेली. या टप्प्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

कलम 51 च्या दुसऱ्या पोटकलमानुसार, राज्य आयोगाने अपिलात दिलेल्या आदेशाविरुद्ध राष्ट्रीय आयोगाकडे पुन्हा अपील करता येते, पण त्यात कायद्याचा सारभूत प्रश्न गुंतलेला आहे अशी राष्ट्रीय आयोगाची खात्री पटली तरच. तो प्रश्न अपिलाच्या ज्ञापनात, म्हणजे लेखी अर्जात, नेमक्या शब्दांत मांडावा लागतो. सारभूत प्रश्न कशाला म्हणावे, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये सर चुनीलाल मेहता अँड सन्सच्या प्रकरणात घालून दिली आणि ती आजही वापरली जाते: प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा आहे का, किंवा पक्षकारांच्या हक्कांवर त्याचा थेट व मोठा परिणाम होतो का, आणि त्यावर आधीच निर्णायक निकाल झालेला आहे की तो अजून खुला आहे. कंपनीच्या ज्ञापनात पाच प्रश्न होते आणि त्या पाचांची सुरुवात "कायद्याच्या दृष्टीने" या शब्दांनी झाली होती. एक प्रश्न असा होता की, कायद्याच्या दृष्टीने वेगळा घर क्रमांक असलेली इमारत विमित जागेत मोडते काय. वाचायला तो कायद्याचा वाटतो. पण त्याचे उत्तर द्यायचे तर मधली भिंत सामाईक आहे का, आतून दार आहे का, वेगळा क्रमांक कधी आणि कशासाठी दिला गेला, हे पाहावे लागते, आणि हे सगळे पाहण्याचे काम पर्वरीला व पणजीला झालेले होते. खबर देण्यातील विलंबाचा प्रश्न कायद्याचा होता हे मी मान्य करतो, पण तो खुला नव्हता. त्यावर निकाल होऊन गेले होते.

सुनावणी दूरदृश्य प्रणालीने झाली आणि ती वीस मिनिटेही चालली नाही. आदेश दीड पानाचा होता. त्यात आयोगाने पाचही प्रश्न उद्धृत केले, ते पुराव्याच्या पुनर्मूल्यांकनाचे असल्याचे म्हटले, सारभूत प्रश्न उद्भवत नसल्याने अपील दाखल करून घेतले जात नाही असे नोंदवले, आणि गुणदोषांवर आपण कोणतेही मत व्यक्त केलेले नाही, असे शेवटच्या ओळीत जोडले. ही शेवटची ओळ वाचूनच माझ्या अशिलांना वाईट वाटले. चार वर्षे जी गोष्ट ते सगळ्यांना सांगत होते, ती दिल्लीतही कोणीतरी ऐकून घेऊन मान डोलवावी, अशी त्यांची अपेक्षा होती. ही अपेक्षा मला मुळीच चुकीची वाटत नाही. पण मला तो आदेश योग्य वाटतो. तिसऱ्या पायरीवरही भिंती आणि दारे मोजली जाऊ लागली, तर पैसा आणि वेळ ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याच बाजूने ती पायरी वापरली जाईल, आणि वाळपईहून कदंबची बस पकडून तारखेला येणाऱ्या माणसाला पहिल्या दोन निकालांचा काही उपयोग उरणार नाही.

"मत व्यक्त केलेले नाही" या शब्दांचा कायदेशीर परिणामही आहे. विशेष अनुमती याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची खास परवानगी मागणारी याचिका, कारणे न देता नाकारली गेली, तर खालचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होत नाही, असे त्या न्यायालयाने 2000 साली विस्ताराने सांगितले आहे. विचार तोच आहे: दार न उघडणे आणि आत घेऊन निवाडा करणे या दोन वेगळ्या कृती आहेत. आमच्या प्रकरणातील नकारामुळे गोदामाच्या प्रश्नावर राष्ट्रीय आयोगाचा दाखला निर्माण झाला नाही, आणि दुसऱ्या कोणा दुकानदाराला तो आदेश दाखवून आपले गोदाम विमित ठरवता येणार नाही. आमच्यापुरता मात्र राज्य आयोगाचा आदेश कायम राहिला आणि तेवढे आम्हाला पुरेसे होते.

आम्ही जिल्हा आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. कलम 71 नुसार आयोगाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, आणि कलम 72 नुसार आदेश न पाळणाऱ्याला कैद किंवा दंड होऊ शकतो. पहिल्याच तारखेला कंपनीच्या वकिलांनी, आपण सर्वोच्च न्यायालयात जाणार आहोत, असे सांगून मुदत मागितली. मुदत देण्यास विरोध करताना मी 26 जुलै 2023 चा निकाल पुढे ठेवला. त्या प्रकरणात युनिव्हर्सल सोम्पो ही विमा कंपनी राष्ट्रीय आयोगाच्या अपिली आदेशाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती, आणि न्यायालयाने तिचे म्हणणे गुणदोषांवर ऐकण्यास नकार देऊन तिला आधी उच्च न्यायालयात जाण्यास सांगितले. कारण सरळ आहे. कलम 67 मधील अपील केवळ राष्ट्रीय आयोगात मुळात दाखल झालेल्या तक्रारींच्या आदेशांपुरते आहे. आयोगाने अपिलात दिलेल्या आदेशाविरुद्ध घटनेच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयाकडे जाता येते, हे 2022 मध्येच ठरले होते. तो मार्ग उपलब्ध असताना तो ओलांडून अनुच्छेद 136 चे, म्हणजे विशेष अनुमतीचे, दार ठोठावणे न्यायालयाने मान्य केले नाही.

म्हणजे कंपनीला पुढे जायचे असेल तर वाट दिल्लीहून परत पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे येत होती. ते खंडपीठही अनुच्छेद 227 खाली अपील ऐकत नाही. खालच्या न्यायाधिकरणाने अधिकाराची मर्यादा ओलांडली का किंवा उघड अन्याय झाला का, एवढेच ते पाहते. कंपनीला हे सगळे ठाऊक असणारच. तिने दोन वेळा मुदत घेतली, याचिका केली नाही, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये उरलेली रक्कम व्याजासह जमा केली. पणजीला ठेवलेली निम्मी रक्कम आम्ही अर्ज करून सोडवून घेतली.

पॉलिसीवर बँकेचे कलम असल्याने रक्कम आधी बँकेत गेली. पुरानंतर बँकेने कॅश क्रेडिटची थकबाकी मुदतकर्जात बदलून दिली होती, आणि त्यावर या चार वर्षांत चढलेले व्याज आयोगाने दिलेल्या 9 टक्क्यांहून जास्त दराचे होते. ती तफावत माझ्या अशिलांच्याच खिशातून गेली. अपिलात टिकण्याची शक्यता नसलेला मुद्दा एक पायरी वर नेण्याची किंमत कोण भरतो, हे मी प्रत्येक कंपनी-वकिलाला सांगत आलो आहे आणि येथेही सांगतो, कारण ती किंमत कोणत्याच आदेशात लिहिलेली नसते.

कर्ज फिटल्यावर थोडी रक्कम उरली. नव्या पॉलिसीत त्यांनी दोन्ही घर क्रमांक लिहून घेतले, पंचायतीच्या दाखल्याची प्रत बँकेत दिली, आणि उरलेल्या पैशांतून गोदामाचे जोते गवंड्याकडून गाळाच्या त्या रेघेपर्यंत भरून घेतले.